नवमीचं पाणी

बेंगळुरू

बेंगळुरूत वाऱ्याला कुणी विचारत नाही. घरातून कधी निघायचं हे इथं रस्ता ठरवतो. मी इलेक्ट्रॉनिक सिटीत काम करते. सकाळी माणसांचा लोंढा उड्डाणपुलावरून आत येतो, संध्याकाळी तोच बाहेर ओसरतो. आपण त्याच्या आधी सुटायचं की मागे राहायचं, एवढाच विचार या शहरातला प्रत्येक माणूस करतो. आज वारा कुठून आहे, चंद्र किती आहे, हे माहीत असण्याची गरज मला जन्मात कधी पडली नव्हती. त्यामुळे बाबांना घेऊन कारवारच्या समुद्रात एक दिवस मोटारबोटीनं जायचं ठरलं, तेव्हा मी पहिल्यांदा काय केलं, तर जोडून येणाऱ्या सुट्ट्या शोधल्या.

बाबा इथल्या एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते. दीपगृहाचा दिवा ज्या यंत्रावर गोल फिरतो, ते यंत्र त्यांच्या विभागात बनायचं. बंदर नाही, खाडी नाही, क्षितिजावर पाण्याचा थेंब नाही, अशा शहरात ही माणसं खलाशांसाठी दिवे फिरवून बघत आयुष्य घालवत होती. कारवारसमोरच्या एका खडकाळ बेटावरच्या दीपगृहाचं यंत्र हे बाबांच्या हातचं शेवटचं. ते बसवायला दुसरी माणसं गेली. बाबांनी आपला दिवा समुद्रात लागलेला कधीच पाहिला नाही.

आता त्यांना काचबिंदू झालाय. नजरेच्या कडा आधीच गेल्या, मधलं एक भोक तेवढं शिल्लक आहे. नळीतून बघावं तसं ते जग बघतात. इंदिरानगरच्या दवाखान्यात डॉक्टरबाई म्हणाल्या की आहे ते किती दिवस टिकेल याची मी खात्री देत नाही, काही बघायचं राहिलं असेल तर बघून घ्या. आम्ही खाली आलो, रिक्षात बसलो, आणि मी पत्ता सांगायच्या आत बाबा म्हणाले, "कारवार."

रिक्षावाले अण्णा मागे वळून शांतपणे म्हणाले, "स्वल्प दूर आगत्ते, सार." थोडं लांब पडेल, साहेब. त्या दिवसातलं आमचं पहिलं हसू ते.

आमचं घर हे पत्रकांचं घर. कारखान्यातून आले की बाबांचं दुसरं काम सुरू व्हायचं, ते म्हणजे अंधश्रद्धेविरुद्ध लिहिणं, छापून आणणं आणि वाटणं. मी अक्षरं शिकले ती पत्रकांच्या मथळ्यांवरून, आणि हाताला वळण लागलं ते त्यांच्या घड्या घालून. "पंचांग मिटा, डोळे उघडा" हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं. मराठी मंडळींच्या गणपतीच्या मांडवाबाहेर उभं राहून आम्ही ते वाटलं होतं, आणि आतून आलेल्या काकूंनी बाबांना प्रसाद देऊन मला मात्र दिला नव्हता. आईबाबांनी लग्न मुद्दाम अमावास्येला केलं. आई सांगते की त्याचा एकच फायदा झाला, हॉल लगेच मिळाला.

हे सगळं सांगायचं कारण रत्नाकरचा फोन.

रत्नाकर बोटीचा मालक. बरीच वर्षं व्यापारी जहाजांवर काढून तो आता कारवारजवळच्या एका लहान खाडीकाठी बायकोबरोबर राहतो. घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देतो आणि बोट चालवतो. मराठी आणि कोंकणी एकाच वाक्यात बोलतो. मी त्याला आमची तारीख कळवली. दिवा लागताना समुद्रातून बघायचाय, हेही सांगितलं. तो म्हणाला, "त्या दिवशी पौर्णिमा. जमायचं नाही बाय. त्याच्यानंतरच्या नवमीला या."

फोन स्पीकरवर होता. बाबा म्हणाले, "ठेव तो."

मी ठेवला. बाबा खोलीत येरझाऱ्या घालायला लागले, खुर्चीला एकदा अडखळले, आणि म्हणाले की तिथी बघून मी लग्न केलं नाही, आता बोटीत चढू? मी त्यांच्याहून तापले होते. जहाजांवर जग फिरून आलेला माणूस, आणि याचं डोकं पंचांगात! मी त्याला भलामोठा संदेश लिहिला. त्यात विवेक होता, माणसाची गुलामी होती, आपल्या समाजाचं काय होणार हा सवालही होता. उत्तर आलं, "बाय, पाणी बघा."

रागानेच मी पाणी बघायला बसले. भरती-ओहोटीचं सरकारी वेळापत्रक उघडलं, शेजारी सूर्यास्ताची वेळ लिहिली आणि वाऱ्याचा अंदाज ठेवला. त्याला खोटं पाडण्यासाठीच मी सगळं मांडत होते, आणि मांडता मांडता माझी चिडचिड थंड होत गेली.

कारण असं. त्या खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली वाळूचा पट्टा आहे. पाणी भरलेलं असेल तेव्हाच बोट त्याच्यावरून सुखरूप जाते. दिवा लागतो सूर्य बुडताना. म्हणजे दिवा पाहून घरी यायचं तर संध्याकाळी भरती हवी. पौर्णिमेला तिथं भरती येते ती दुपारच्या आधी. संध्याकाळी ओहोटी. त्यातून हिवाळ्यात वाऱ्याचे दोन पाळीकरी असतात. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहतो तो मतलई. ऊन चढलं की समुद्राकडून जमिनीकडे येतो तो खारा वारा. ओहोटीचं पाणी खाडीतून बाहेर जोर करतंय आणि खारा वारा त्याला आत ढकलतोय, असं झालं की वाळूच्या पट्ट्यावर लाट भिंतीसारखी उभी राहते. पौर्णिमा-अमावास्येला पाण्याला उधाण असतं, तेव्हा ती भिंत जास्तच उंच. भरती रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते. ती सरकत सरकत सूर्यास्तापर्यंत येते कधी? नवमीला. तेव्हा पाण्याला उधाण नसतं, तिथं त्याला भांग म्हणतात, पाणी हळू चढतं आणि हळूच उतरतं. सकाळची भरतीही उजाडतानाच. मतलईबरोबर बाहेर पडा, संध्याकाळी भरल्या पाण्यावर आत या.

मी कागद बाबांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी भिंग काढलं. त्या भिंगातून ते एका वेळी एकच आकडा बघू शकतात, त्यामुळे फार वेळ गेला. शेवटी भिंग ठेवून ते म्हणाले, "तिथी म्हणजे काय गं? चंद्र आणि सूर्य यांच्यामधला कोन. बारा अंश झाले की एक तिथी. कोनाशी माझं भांडण कधीच नव्हतं."

"मग पत्रक?" मी विचारलं.

"पत्रक मुहूर्ताबद्दल होतं. नवमी शुभ आहे असं म्हणाला का तो? खोल आहे म्हणाला."

आणि त्यांनी स्वतःच रत्नाकरला फोन लावला.

नवमी आली मंगळवारी. रजा मागताना माझी जीभ घसरली. शेजारी बसणाऱ्या नागपूरच्या पल्लवीला मी सांगितलं की मंगळवारी भरतीसाठी चाललेय. तिनं खुर्ची जवळ ओढली आणि हळूच विचारलं, "कोणत्या कंपनीत आहे बे भरती? माझा पण बायोडेटा घेऊन जा ना." साहेबांना मी समुद्र असं कारण दिलं. ते म्हणाले की समुद्र शनिवारीही असतोच ना. समुद्र शनिवारीही असतो, पण तो माझ्या सोयीनं उंच होत नाही, हे मी त्यांना सांगितलं. रजा मिळाली. आपल्या वेळेवर आपला हक्क किती उरलाय हे कळायला रजेचा एक अर्ज पुरतो, पण ते पुन्हा कधीतरी.

खाडीकाठी

गाडीतल्या रात्रीबद्दल सांगण्यासारखं काही नाही. सोमवारी दुपारी आम्ही रत्नाकरच्या अंगणात होतो. तो उंच, टकला आणि सतत हसणारा माणूस आहे. त्यानं बाबांचा हात धरून पायरी दाखवली आणि लगेच टोला दिला की या, नास्तिकांसाठी नवमीची खास सोय केलीय. बाबांनी विचारलं, दशमीला आलो असतो तर? तो म्हणाला, "तर काळोखात आत यावं लागलं असतं काका. तुम्हाला फरक पडला नसता, मला पडला असता."

बाबांच्या डोळ्यांवरून विनोद करायची आमच्या घरी कुणाची हिंमत नाही. बाबा खळखळून हसले.

रत्नाकरची बायको शैला गावातल्या शाळेत शिकवते आणि घरात नवऱ्याला बोलायला जागा सापडली की ती बंद करते. तिनं तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं केलं होतं, खोबरं आणि त्रिफळ घातलेलं, सोबत तांदळाची भाकरी. त्रिफळाचा झणका जिभेवर वीज लागल्यासारखा बसतो. आयुष्यभर सांबारात मुरलेली माझी जीभ बराच वेळ बधिर होती. शैला म्हणाली की पहिल्या दिवशी सगळ्यांचं असंच होतं, दुसऱ्या दिवशी मागून घेतात. बाबांनी पहिल्याच दिवशी मागून घेतलं.

जेवताना रत्नाकरनं एक गोष्ट सांगून टाकली. दीपगृहात मध्यंतरी काहीतरी नवीन बसवल्याचं त्यानं ऐकलं होतं. आता बऱ्याच ठिकाणी फिरता दिवा काढून नुसता लुकलुकणारा लावतात. इथं काय केलंय ते त्याला माहीत नव्हतं. लांबून त्याला दोन्ही सारखेच दिसत.

बाबांचा घास थांबला. मग ते म्हणाले, "बघितल्यावर कळेल." पण नंतर त्यांनी भाकरी मागितली नाही.

बाहेर

सकाळी जाग आली ती शैलाच्या आवाजानं. स्वयंपाकघरातून ती नवऱ्याला विचारत होती, "वारो खंयचो?" वारा कुठला. आमच्याकडे उठल्यावर कॅब किती मिनिटांत येईल ते बघतात. या घरात चुलीवर चहा चढायच्या आधी वाऱ्याची चौकशी होते. रत्नाकर अंगणात पाठ जमिनीकडे करून उभा होता. मीही तशीच उभी राहिले. मानेवर, केसांच्या मुळाशी, थंड आणि जराशी ओली अशी फुंकर लागली. तिला गवताचा आणि धुराचा वास होता. मतलई. माझ्या फोनवरचा बाण तेच सांगत होता, पण बाणाला वास नव्हता.

उकड्या तांदळाची पेज पिऊन आम्ही धक्क्यावर गेलो. नारिंगी जॅकेटं घातली. बाबांना जॅकेट नको होतं. मी म्हटलं, सुरक्षेचं पत्रकही तुम्हीच लिहिलं होतं. त्यांनी हात वर केले.

आणि मग मी पहिल्यांदा भरलेली खाडी पाहिली.

पाणी काठोकाठ होतं, आणि थांबलं होतं. पुढे जात नव्हतं, मागे येत नव्हतं. खारफुटीची पानं पाण्याला टेकली होती, आणि एका पानावरून दुसऱ्यावर मुंगी चालावी इतक्या सावकाश त्यांची प्रतिबिंबं हलत होती. एवढं प्रचंड पाणी कुणी हुकूम न देता आत आलं होतं आणि आता कुणी न सांगता बाहेर जाणार होतं. मी सत्तेला सलाम करायला शिकलेले नाही. पण त्या धक्क्यावर उभी असताना माझा आवाज आपोआप खाली आला. तिथल्या पाण्यानं मला लहान केलं, आणि त्यात अपमान मुळीच नव्हता. माणसांच्या सत्तेनं मला असं कधी वागवलेलं नाही.

वाळूच्या पट्ट्यावरून आम्ही गेलो तेव्हा तो तिथं आहे हे रत्नाकरनं सांगावं लागलं. पाण्याचा रंग तेवढा अंगणाएवढ्या भागात फिकट झाला, बोटीखालून सरकला, आणि तळ नाहीसा झाला. पुढे सगळं उघडं. समुद्र तेव्हा राखाडी होता आणि इतका सपाट की बोटीची रेघ मागे लांबपर्यंत मोडली नाही.

बाबा नाळेजवळ, बोटीच्या पुढच्या टोकाला बसले होते. त्यांना समुद्र एकदम दिसू शकत नव्हता. ते मान फिरवून त्याचे तुकडे बघत होते. थोडं पाणी, थोडं आकाश, एक पक्षी, पुन्हा पाणी. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं की याला कड कुठे आहे. मी म्हटलं, नाही बाबा, मलाही दिसत नाही. त्यांना ते फार आवडलं. इथं सगळ्यांना सारखंच अपुरं दिसतं, असं ते रत्नाकरला म्हणाले.

किनाऱ्यानं उत्तरेकडे जाताना खाडीचं गढूळ पाणी आणि समुद्राचं हिरवं पाणी यांची सीमा लागली. कुणी कात्रीनं कापावी तशी सरळ. त्या रेघेवर फेस, काटक्या, नारळाच्या कवट्या आणि आपण. आपण म्हणजे आपलं प्लास्टिक. दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, एका महागड्या हॉटेलचा पाण्याच्या बाटल्यांचा अख्खा ताफा. मी त्यावर बोलायला तोंड उघडलं तोच इंजिन खरखरलं आणि बंद पडलं. पंख्याला पिशवी गुंडाळली होती.

इंजिनाचा आवाज थांबल्यावर ओहोटी ऐकू आली. बोटीच्या बाजूला पाणी कुजबुजत होतं. मी किनाऱ्यावरच्या एका माडाकडे बघत होते, तो मागच्या डोंगरावरून सरकत चालला होता. आम्ही वाहत होतो, आणि तेही भांगाच्या सौम्य पाण्यात. रत्नाकरनं आधी नांगर टाकला, मग इंजिन वर उचललं आणि सुरीनं पिशवी कापायला घेतली. तोंड चालूच होतं. पिशवीवरचं नाव वाचून तो म्हणाला, "बाय, ही तुमच्या बेंगळुरूची. घेऊन जा परत." ती मी खरंच आणलीय. माझ्या टेबलावर आहे, साहेबांना दिसेल अशी.

दुपार आम्ही एका पुळणीवर काढली, जिथं रस्ता पोचत नाही. पाणी उतरलं होतं आणि सकाळी जे अख्खं बुडालेलं होतं ते आता उघडं पडलं होतं. खडकांच्या दाढा, हिरवं शेवाळ, खेकड्यांची लगबग. सकाळचाच किनारा, पण जागा दुसरी. भात, तळलेला बांगडा आणि सोलकढी घेऊन आम्ही उंडीच्या झाडाखाली बसलो. हवा बंद होती. मतलई संपला होता आणि खारा वारा आला नव्हता. पाळीकरी बदलताना कारखान्याच्या दारात असते तशी ती मधली शांतता.

मग रत्नाकरनं हनुवटीनं क्षितिज दाखवलं. तिथं एक काळी रेघ होती. गुळगुळीत पाण्यावर ती आमच्याकडे चालत येत होती. तिच्या अलीकडे समुद्र आरसा, पलीकडे निळा आणि खवल्याखवल्यांचा. वारा डोळ्यांना दिसू शकतो हे मला माहीत नव्हतं. मी बाबांना सांगत गेले, आता अर्ध्यात आली, आता त्या खडकापाशी, आता उथळ पाण्यात. त्यांनी दोन्ही हात थोडे वर धरले. रेघ वाळूला टेकली आणि त्याच क्षणी त्यांचा सदरा फुगला.

"पोचला," ते म्हणाले.

दिवा

बेटापासून बऱ्यापैकी अंतर ठेवून आम्ही थांबलो तेव्हा सूर्य पाण्याला टेकायला आला होता. उंच, उघडा खडक, त्यावर पांढरा मनोरा. उतरायला परवानगी लागते आणि आम्हाला उतरायचंही नव्हतं. सगळं ठरल्याप्रमाणे झालं होतं. पाणी भरत होतं, वेळ योग्य होती, आकाश स्वच्छ होतं. फक्त वारा पडायला तयार नव्हता.

रत्नाकर म्हणाला होता, सूर्य कलला की खारा वारा दमतो. माझा फोनही तेच म्हणत होता. वाऱ्यानं दोघांनाही जुमानलं नाही. पाण्यावर आखूड, टोकदार लाटा होत्या. बोट मान वर करायची, खाली टाकायची, बाजूला वळायची. माझ्यासारख्या धड डोळ्यांच्या माणसाला त्याचं काही नव्हतं. पण बाबांच्या नजरेची ती नळी मनोऱ्यावर एक क्षण टेकायची आणि बोट हलली की आकाशात जायची, नाहीतर पाण्यात. "आला," ते म्हणायचे. "गेला."

मी म्हटलं, जवळ जाऊ या का, बेटाच्या आडोशाला वारा लागणार नाही. उत्तर बाबांनीच दिलं. जवळ गेलं तर झोत डोक्यावरून जातो, तो लांबच्या माणसासाठी आहे.

सूर्य बुडाला. थोड्या वेळानं मनोऱ्याच्या माथ्यावर काहीतरी चमकलं. मला दिसलं. बाबांचं तोंड भलतीकडे होतं. पुन्हा चमकलं, तेव्हा ते वळत होते. तिसऱ्यांदा बोट खाली गेली होती. मी त्यांना दिशा सांगू शकत होते, वर्णन करू शकत होते. पण माझं वर्णन ऐकायला ते आले नव्हते. त्यांनी बोटीची कड इतकी घट्ट धरली होती की बोटांची पेरं पांढरी पडली होती. ज्या माणसानं प्रत्येक गोष्टीवर पत्रक काढलं, तो गप्प होता.

रत्नाकर बेटाच्या खडकाकडे बघत होता. तिथं पाण्याच्या वर ओल्या दगडाचा काळा पट्टा दिसायला लागला होता. म्हणजे पाणी फिरलं होतं. आत जायची वेळ झाली होती. मी त्याला म्हटलं, थोडं थांबू. विनंतीच्या आवाजात मी सहसा बोलत नाही, तेव्हा बोलले. तो त्या पट्ट्याकडे बघून म्हणाला, "भांगाचं पाणी आहे, बाय. सावकाश उतरतं. पौर्णिमा असती तर मी तुमचं ऐकलं नसतं." आणि त्यानं इंजिन अगदी मंद ठेवून बोटीचं तोंड दिव्याकडे धरलं.

आम्ही तिघंही वाऱ्याची वाट बघत होतो.

तो पडला तेव्हा कुणीतरी खोलीतून उठून जावं तसा पडला. आधी गालावरचा थंडावा गेला. मग लाटांची टोकं बसली. मग समुद्र तेलासारखा झाला, आणि त्याच्याखालून फक्त एक लांब, संथ उसासा येत राहिला, ज्यावर बोट हलत होती की नाही हे सांगणं कठीण. पश्चिमेचा तांबूस रंग सगळ्या पाण्यावर पसरला. एवढ्या मोठ्या गोष्टीला इतकं स्तब्ध झालेलं मी आधी कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आपण बोललो तर हे फुटेल.

बाबांची मान अगदी हळू फिरत होती. मग थांबली.

मी दिव्याकडे बघायचं सोडलं आणि त्यांच्याकडे बघायला लागले. ओठ हलत होते. ते कन्नडमध्ये मोजत होते. कारखान्यात यंत्राची चाचणी घेताना भिंतीवर खडूची खूण करायचे आणि झोत फिरून खुणेवर येईपर्यंत सगळा विभाग एका सुरात मोजायचा, तो कन्नडमध्ये. बाबांचं बाकी आयुष्य मराठीत झालं, पण हे मोजणं त्यांना मराठीत येतच नाही. ओंदु, एरडु, मूरु. दहाला, म्हणजे हत्तुला, झोत खुणेवर आला पाहिजे.

"दिसला काका?" रत्नाकरनं विचारलं.

बाबांनी हात वर करून त्याला गप्प केलं. पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मग आणखी एकदा. मग म्हणाले, "चालू-बंद होत नाहीये. आधी उजळतो, मग भरतो, मग जातो." त्यांचा दुसरा हातही बोटीच्या कडेवरून सुटला. "फिरतोय गं. अजून फिरतोय."

बाबा बघत राहिले. खडकावरचा काळा पट्टा रुंद होत होता, तो मला दिसत होता आणि रत्नाकरलाही. त्यांना सांगायचं कुणी, हे आम्ही एकमेकांवर ढकलत होतो. तेवढ्यात बाबा स्वतःच म्हणाले, "चला. पाणी उतरत असेल."

मी म्हटलं, अजून थोडा वेळ आहे.

"सरी," ते कन्नडमध्ये म्हणाले, म्हणजे बरं. "पण चला."

बोट वळली. परत जाताना बाबा नाळेकडे तोंड करून बसले, दिव्याकडे पाठ. मी त्यांच्यासमोर, उलट्या तोंडानं. वाळूच्या पट्ट्यावर पाणी पुरेसं होतं. त्यानं बोट एकदा जराशी उचलली आणि आम्हाला आत सोडलं. खाडीत दोन्ही बाजूंनी झाडांचा अंधार जवळ आला. बाबांनी डोळे मिटले होते. मला वाटलं थकले, झोपले. मग पाण्याच्या आवाजात मला त्यांचं पुटपुटणं ऐकू आलं.

"एळु. एंटु. ओंबत्तु."

मी मान वर केली.

"हत्तु," ते म्हणाले, आणि त्यांच्या पाठीमागे, खाडीच्या तोंडापलीकडे, दिवा आला.